टेंडर भरण्याआधी: दराच्या मर्यादा येतात कुठून, अडवतात कुठे

बेळगावच्या छोट्या कंत्राटदाराची गाठ वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत तीन नियमपुस्तकांशी पडते. येळ्ळूरच्या गटाराचं काम, खानापूर तालुक्यातला रस्ता, महापालिकेचा नाला हे सगळं कर्नाटकाच्या कायद्याखाली येतं. कॅम्पमधलं कँटोन्मेंट बोर्डाचं किंवा एमईएसचं (लष्कराच्या बांधकाम खात्याचं) काम केंद्राच्या नियमांनी चालतं, रेल्वेच्या कामाला रेल्वेच्या अटी लागतात. शिनोळीची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात काम घेतलं, किंवा निपाणीहून कागलकडे गेलं, की महाराष्ट्राचं पुस्तक उघडावं लागतं. माणूस तोच, मिक्सर तोच, खडीची खाण तीच. पण २० टक्के बिलो, म्हणजे छापील रकमेपेक्षा २० टक्के कमी, भरलं तर पुढे काय होतं, याचं उत्तर तिन्हीकडे वेगळं.

त्यातच आपल्याकडची नोटीस कानडीत आणि आतल्या अटी इंग्रजीत. त्यामुळे बरेच जण फक्त तीन गोष्टी वाचतात: कामाची रक्कम, ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत) आणि शेवटची तारीख. मग दर ठरतो तो 'मागच्या वेळी अमक्याने किती बिलो भरलं होतं' यावर. नुकसानीची सुरुवात इथेच होते. दराची मर्यादा म्हणून एकच रेघ कुठेही आखलेली नसते. टेंडर काढायचं की नाही याची मर्यादा वेगळी, कोणी भरायचं याची वेगळी, किती वर चालेल याची वेगळी, किती खाली चालेल याची वेगळी, आणि काम सुरू झाल्यावर दर कुठपर्यंत धरून ठेवायचा याची आणखी वेगळी. प्रत्येकीचा कागद निराळा.

टेंडर काढायचं की नाही

कर्नाटकात सरकारी खरेदी आणि बांधकाम यांवर १९९९ चा पारदर्शकता कायदा लागू आहे. सगळे त्याला 'केटीपीपी' म्हणतात. त्याचे नियम २००० सालचे. टेंडरशिवाय खरेदी करायची नाही हा कायद्याचा मूळ दंडक, आणि कलम ४ मध्ये त्याचे अपवाद दिले आहेत. नैसर्गिक आपत्ती, एकाच ठिकाणी मिळणारी वस्तू, शासनाने अधिसूचना काढून दिलेली सूट असे हे अपवाद. केआरआयडीएलसारख्या (राज्य सरकारचं ग्रामीण बांधकाम महामंडळ) संस्थांना टेंडरशिवाय कामं मिळतात ती कलम ४(जी) खालच्या अशा सुटीतून. गावात 'टेंडर न काढता काम कसं दिलं?' म्हणून वाद होतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: कलम ४ चं कोणतं पोटकलम लावलं, आणि अधिसूचनेचा क्रमांक काय?

छोट्या कामांची सूट कलम ४(ई) मध्ये आहे. बांधकामाला ही मर्यादा ५ लाख रुपयांची. वस्तू आणि सेवांची मर्यादा वेगळी. असे आकडे दुरुस्त्यांनी बदलत असतात, म्हणून कामाच्या मंजुरीच्या तारखेला कोणता आकडा लागू होता ते पाहायचं. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलेला आकडा धरून बसायचं नाही.

या ५ लाखांभोवतीच सगळ्यात जुनी चलाखी चालते, ती म्हणजे कामाचे तुकडे पाडणं. १४ लाखांचा एक रस्ता कागदावर तीन रस्ते होतो. फायली शेजारी शेजारी ठेवल्या की ते ओळखता येतं. पहिल्यात साखळी अंतर, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं माप, ० ते १०० मीटर, दुसऱ्यात १०० ते २००, तिसऱ्यात २०० ते ३००. तिन्ही एस्टिमेटांना तांत्रिक मंजुरी एकाच दिवशी, रक्कम ४ लाख ७० हजारांपासून ४ लाख ९५ हजारांपर्यंत, आणि खडी वाहतुकीचं अंतर तिन्हींत अगदी तेवढंच. तीन खरोखर स्वतंत्र कामांचे आकडे इतके सारखे येत नाहीत. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, म्हणजे जीएफआरमध्ये, नियम १५७ स्पष्ट सांगतो की वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करू नयेत. कॅम्पातल्या खरेदीला हा नियम थेट लागतो.

उलटी चलाखीही चालते, आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. आठ गावांची आठ छोटी कामं एका पॅकेजमध्ये बांधली की रक्कम कोटीच्या वर जाते. कर्नाटकात ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातीच्या कंत्राटदारांसाठी १७.१५ टक्के आणि अनुसूचित जमातीच्या कंत्राटदारांसाठी ६.९५ टक्के कामं राखीव असतात. ही रक्कम आधी ५० लाख होती, २०२३ मध्ये ती १ कोटी झाली. पॅकेज केलं की काम त्या रेषेपलीकडे जातं, आणि तालुक्यातले चौथ्या-तिसऱ्या वर्गाचे, म्हणजे छोट्या कामांपुरती नोंदणी असलेले, कंत्राटदार, राखीव असोत वा खुले, एकदम बाहेर पडतात. पॅकेज करणं बेकायदा नाही. आठ कामं एकमेकांना लागून असतील, एकाच रस्त्याची असतील, तर ते शहाणपणाचंही असतं. पण नंदगडचं गटार आणि दुसऱ्या टोकाच्या गावातली शाळेची भिंत एकाच टेंडरमध्ये कशासाठी, याचं कारण फायलीत लिहिलेलं असायला हवं.

तुमची स्वतःची मर्यादा

दर कितीही चांगला भरला, तरी पहिल्या लिफाफ्यात बाद झालात तर दुसरा उघडतच नाही. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी कागदपत्रं आणि पात्रता पाहतात, आणि पात्र ठरलेल्यांचेच दर उघडतात. कर्नाटकात कामाच्या रकमेप्रमाणे केडब्ल्यू-१, केडब्ल्यू-२, केडब्ल्यू-३, केडब्ल्यू-४ असे टेंडरचे ठरीव नमुने आहेत. मोठ्या नमुन्यांत 'निविदा क्षमता' नावाचं एक गणित असतं:

क्षमता = (अ × न × १.५) − ब

'अ' म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या एखाद्या वर्षात केलेलं जास्तीत जास्त काम, आजच्या किमतीला आणून. 'न' म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत. 'ब' म्हणजे तेवढ्याच मुदतीत तुम्हाला पुरी करायची असलेली हातातली कामं.

समजा एखाद्या कंत्राटदाराने एका वर्षात जास्तीत जास्त ९० लाखांचं काम केलं आहे. नव्या कामाची मुदत ९ महिने, म्हणजे ०.७५ वर्ष. ९० × ०.७५ × १.५ = १०१.२५ लाख. त्याच नऊ महिन्यांत पुरी करायची ३० लाखांची कामं हातात असतील तर उरले ७१.२५ लाख. नवं काम ८० लाखांचं असेल तर हा माणूस बाद, भले दर सगळ्यांत कमी असो. अनुभव आहे, यंत्रं आहेत, बँकेत पत आहे, तरी बाद. म्हणून कामाची यादी भरताना जवळपास संपलेल्या कामाची पूर्ण रक्कम 'ब' मध्ये टाकू नका. उरलेलीच रक्कम टाका, आणि त्यासाठी कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा दाखला जोडा. उलट हातातलं काम लपवलं तर ते आज ना उद्या उघडकीला येतंच, कारण सगळ्या निविदा एकाच पोर्टलवर दिसतात. मग ईएमडी जप्त होते आणि काळ्या यादीची नोटीस येते.

वरची मर्यादा

टेंडरला जी रक्कम छापलेली असते ती एस्टिमेटची. एस्टिमेट दरसूचीवर, म्हणजे एसआरवर, बांधलेलं असतं. दरसूचीतल्या दरात साहित्य, मजुरी, यंत्रसामग्री, वरखर्च आणि कंत्राटदाराचा नफा हे सगळं आधीच धरलेलं असतं. नफ्याचा वाटा हिशेबात साधारण १० टक्के असतो. रस्त्याच्या कामांची केंद्राची प्रमाण दरपद्धतीही तेवढाच धरते.

छापील रकमेच्या वर दर भरायला बंदी नसते. त्या वरच्या टक्क्यांना टेंडर प्रिमियम म्हणतात. तो किती स्वीकारायचा याची मर्यादा कायद्यात नसते, ती वित्त खात्याच्या आणि त्या त्या खात्याच्या आदेशांत असते. पण वाद टक्क्यापेक्षा 'टक्का कशावर काढायचा' यावर जास्त होतो. एस्टिमेट जुन्या दरसूचीवर बांधलेलं असेल आणि टेंडर उघडेपर्यंत नवी दरसूची आली असेल, तर तुलना आजच्या दरसूचीने सुधारलेल्या एस्टिमेटशी करायची असते. जुन्या एस्टिमेटच्या मानाने १२ टक्के अबोव्ह दिसणारा दर नव्या दरसूचीशी ताडला तर ३ टक्के अबोव्ह निघू शकतो. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी 'बारा टक्के जास्तीने दिलं' म्हणून ओरड करण्याआधी, आणि कंत्राटदाराने 'माझं टेंडर उगाच फेटाळलं' म्हणण्याआधी, एस्टिमेटच्या पहिल्या पानावर कोणत्या वर्षाची दरसूची लिहिली आहे ते बघावं.

दर मर्यादेबाहेर गेला तर खातं सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला, म्हणजे एल-वनला, बोलावून दर उतरवायला सांगू शकतं. केंद्रीय दक्षता आयोगाच्या ३ मार्च २००७ च्या परिपत्रकाचा रोखही तोच: टेंडर उघडल्यावर घासाघीस हा नेम नव्हे, आणि अपवाद म्हणून करायचीच झाली तर ती एल-वनशीच. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला बोलावून 'तू किती कमी करतोस?' विचारायला सुरुवात झाली की टेंडरला अर्थ उरत नाही. मग शहाणा माणूस पहिल्यांदा खरा दर भरतच नाही.

बैठकीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. प्रत्येक मोठ्या बाबीची दर-फोड घेऊन जा: खाणीपासून कामापर्यंतचं खरं अंतर, डांबराचं त्या पंधरवड्याचं बिल, पावसामुळे किती महिने काम बंद राहणार याचा हिशेब. एस्टिमेटमध्ये खडीची वाहतूक २० किलोमीटर धरली असेल आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावाला ती ५५ किलोमीटरवरून आणावी लागत असेल, तर तुमचा जास्तीचा दर वाजवी आहे हे कागदावर दाखवता येतं. तोंडी सांगितलेलं फायलीत जात नाही.

खालची मर्यादा, जिथे सगळं बिघडतं

दर किती खाली गेला की टेंडर आपोआप बाद होतं? बांधकामात असा आकडा सहसा नसतो. केटीपीपीचं कलम १३ सांगतं की टेंडरमध्ये दिलेल्या कसोट्यांवर मूल्यमापन करून जे सगळ्यात कमी ठरेल ते स्वीकारायचं. फक्त कमी आहे म्हणून फेटाळायला त्यात जागा नाही. पण डोळे मिटून स्वीकारायची सक्तीही नाही, आणि इथेच तीन पुस्तकं वेगळी होतात.

कर्नाटकाच्या ठरीव नमुन्यांत तरतूद आहे ती 'असंतुलित' दरांसाठी. खात्याच्या अंदाजाशी ताडता दर फारच विस्कटलेला वाटला, तर खातं कंत्राटदाराकडून एकेका बाबीची दर-फोड मागू शकतं आणि ती पाहून सुरक्षा ठेव वाढवायला सांगू शकतं. महाराष्ट्रात एस्टिमेटखाली दर भरला की जादा सुरक्षा ठेव मागण्याची पद्धत आहे, आणि दर जितका खाली तितकी ती वाढते. केंद्राने मात्र उलटी दिशा घेतली. वित्त मंत्रालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं की दर फार कमी आहे म्हणून जादा ठेव मागायची अट टेंडरमध्ये ठेवू नका. तिथे संशय आला तर लेखी खुलासा आणि दर-फोड मागायची, आणि या दरात काम होऊच शकत नाही असं दिसलं तर निविदा फेटाळायची.

म्हणजे चंदगडात जो बिलो दर भरायला लाख-दीड लाखाची जादा ठेव लागेल, तोच कॅम्पात ठेवीविना भरता येईल, पण तिथे दर-फोड मागितली की उत्तर तयार हवं. हा फरक न बघता तिन्हीकडे एकच टक्का भरणारे काम मिळूनही करारावर सही करू शकत नाहीत, आणि ईएमडी घालवून बसतात.

आता कमी दर भरला की पैसा जातो कुठून, ते बघू. समजा एस्टिमेट २० लाखांचं आहे आणि दर २७ टक्के बिलो, म्हणजे १४ लाख ६० हजार. दरसूचीतला नफा आणि वरखर्च मिळून पंधरा-वीस टक्के. तो सगळा सोडला तरी सात ते बारा टक्के कमीच पडतात. म्हणजे अजून एक घमेलं माती उचललेली नाही आणि साहित्य-मजुरीतच दीड-दोन लाखांचं भगदाड.

त्यात बिलातून कापणी होते. कंत्राटदार एकटा मालक असेल तर आयकराचा टीडीएस १ टक्का, म्हणजे १४,६००. करार अडीच लाखांच्या वर असल्याने जीएसटीचा टीडीएस २ टक्के, म्हणजे २९,२००. हे ४३,८०० रुपये पुढे जमेला येतात, पण रोख आज अडकते. बांधकाम मजूर कल्याण उपकर १ टक्का, आणखी १४,६००. तो परत येत नाही. वाळू, खडी, मुरमाचे परवाने जोडले नसतील तर रॉयल्टी कापली जाते. चालू बिलांतून सुरक्षा ठेव कापली जाते, ती दोषनिवारणाची मुदत संपेपर्यंत अडकून राहते. २७ टक्के बिलो भरणाऱ्याने यातलं किती मोजलेलं असतं?

मग भगदाड भरलं जातं ते कामातून, आणि ते मोजता येतं. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५० मिलिमीटर जाड काँक्रीटच्या रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी १२५ मिलिमीटर ठेवली तर ३७.५ घनमीटर. साडेसात घनमीटर वाचलं, घनमीटरला ७,००० धरले तर ५२,५०० रुपये. आणि कडेला टेप लावून हे दिसत नाही. कडेची चॅनल, म्हणजे काँक्रीट अडवणारी लोखंडी पट्टी, १५० चीच लावलेली असते. मधला मुरमाचा थर वर उचललेला असतो, म्हणून मध्येच काँक्रीट पातळ पडतं. ते ओतण्याआधी तपासायचं: दोन्ही कडेच्या चॅनलवर दोरी ताणायची आणि मधोमध दोरीपासून खालच्या थरापर्यंत टेप धरायची. दर दहा मीटरवर. एका ठिकाणी ११०, दुसऱ्या ठिकाणी १२० भरलं तर ओतणं थांबवून मुरूम खरवडायला लावायचा. ओतल्यानंतर कोअर, म्हणजे आरपार नळकांडी नमुना, कापून बघण्यापलीकडे उपाय नाही, आणि कोअर कापायला कोणी सहजासहजी येत नाही. पंचायत सदस्याला, वॉर्डातल्या रहिवाशाला हे जमण्यासारखं आहे. त्याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

एकूण रक्कम कमी, पण दर वाकडे

टक्केवारीच्या टेंडरमध्ये तुम्ही फक्त 'इतके टक्के अबोव्ह' किंवा 'बिलो' सांगता, आणि सगळ्या बाबींचे दर एकत्र हलतात. महाराष्ट्रात त्याचा नमुना बी-१. बाबवार टेंडरमध्ये, तिकडच्या बी-२ मध्ये, प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्र भरायचा असतो. असंतुलित दराचा खेळ बाबवार टेंडरमध्येच चालतो. कसा, ते तीन बाबींवर पाहू. दर फक्त समजण्यासाठी धरले आहेत.

एस्टिमेटमध्ये मऊ मातीचं खोदकाम ३०० घनमीटर, कठीण खडकाचं २० घनमीटर, काँक्रीट १०० घनमीटर. पहिल्या कंत्राटदाराने दर भरले १९०, ९०० आणि ६,९००. एकूण ७,६५,०००. दुसऱ्याने भरले १५०, ३,००० आणि ६,५००. एकूण ७,५५,०००. दुसरा एल-वन, दहा हजारांनी.

पण दुसऱ्याने जागा फिरून पाहिलेली असते. तिथे फूटभर मातीखाली पाषाण आहे हे त्याला ठाऊक, आणि एस्टिमेट करणाऱ्याने चाचणी खड्डा घेतलेलाच नाही. प्रत्यक्षात माती निघते २०० घनमीटर आणि खडक १२०. आता पहिल्याचं बिल झालं असतं ३८,००० + १,०८,००० + ६,९०,०००, म्हणजे ८,३६,०००. दुसऱ्याचं होतं ३०,००० + ३,६०,००० + ६,५०,०००, म्हणजे १०,४०,०००. दहा हजार वाचवायला गेलेल्या खात्याचे दोन लाख चार हजार गेले.

याला आळा म्हणून करारांत वाढीव परिमाणाची मर्यादा असते. ती बहुधा २५ टक्क्यांची असते, आणि त्यापुढचं काम कंत्राटातल्या दराने नव्हे तर दरसूचीच्या आधारे नव्याने ठरवलेल्या दराने मोजायचं असतं. आपल्या उदाहरणात खडकाचे २५ घनमीटर ३,००० ने आणि उरलेले ९५ घनमीटर दरसूचीच्या ९०० ने धरले तर खडकाचे होतात १,६०,५००, आणि पूर्ण बिल ८,४०,५००. एल-वन ठरलेला माणूस अजूनही महागच पडतो, पण फरक साडेचार हजारांवर येतो. ही अट करारात असूनही मोजमाप पुस्तकात (एमबीत) सगळा खडक एकाच ओळीत ३,००० ने लिहिला जातो, तिथे गळती होते. बिल तपासणाऱ्याने बीओक्यूतलं, म्हणजे टेंडरमधल्या बाबींच्या यादीतलं, परिमाण आणि एमबीतलं परिमाण शेजारी मांडावं, आणि सव्वापटीच्या वर गेलेल्या बाबींवर पेन्सिलने खूण करावी. एवढ्यानेच निम्म्या गोष्टी कळतात.

प्रामाणिक कंत्राटदारालाही यात शिकण्यासारखं आहे. जागा न पाहता, सगळीकडे सारखा टक्का लावून बाबवार टेंडर भरणं धोक्याचं. खडक निघण्याची शक्यता दिसली तर टेंडरपूर्व बैठकीत लेखी विचारा: चाचणी खड्डे घेतले का, कठीण खडकाचं परिमाण कशावरून धरलं? उत्तर सगळ्यांना मिळतं, आणि दुसऱ्याचा खेळ तिथेच संपतो.

माणसं पुरवण्याचं टेंडर

सफाई, वाहनचालक, डेटा एंट्री, रखवाली या कामांत किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार विमा) ठरलेले असतात. ईएसआयचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के. त्यामुळे स्पर्धा उरते ती फक्त सेवाशुल्काची, आणि लोक शून्य टक्के भरतात. शून्य नफ्यात धंदा कोणी करत नाही. तो पैसा कामगारांच्या पगारातून, निधीच्या हप्त्यातून, गणवेशाच्या पैशातून निघतो. म्हणून केंद्राने शून्य शुल्काची निविदा अग्राह्य धरायची असं ठरवलं, आणि जेम या केंद्राच्या खरेदी पोर्टलवर मनुष्यबळ सेवेसाठी किमान ३.८५ टक्के शुल्काची अट आली. बांधकामात जी तळरेषा सापडत नाही, ती इथे सापडते. अशी निविदा कॅम्पात किंवा केंद्राच्या कोणत्याही कार्यालयात भरताना आधी हे पाहा, कारण सगळे एकाच किमान दरावर येतात आणि निवड भलत्याच कसोटीवर होते.

भरताना होणाऱ्या चुका

कर्नाटकाचं टेंडर भरायचं आताचं पोर्टल केपीपीपी. टक्केवारीच्या टेंडरमध्ये अबोव्ह आणि बिलो यांतला पर्याय चुकीचा निवडणं ही सगळ्यात महागडी चूक. ५ टक्के बिलोच्या जागी ५ टक्के अबोव्ह गेलं तर काम जातं. उलटं झालं तर तोट्यातलं काम गळ्यात पडतं, आणि माघार घेतली तर ईएमडी जप्त होते. सबमिट करण्याआधी एकूण रुपये वाचा, टक्का नव्हे. २० लाखांचं ५ टक्के बिलो म्हणजे १९ लाख दिसायला हवेत. २१ लाख दिसले तर थांबा.

दर जीएसटीसह मागितला आहे की जीएसटी सोडून, हे बीओक्यूच्या वरच्या ओळीत असतं. सरकारी बांधकामावर १८ टक्क्यांचा दर असताना ही ओळ चुकवणं म्हणजे सगळा नफा आणि वर आणखी काही घालवणं. ईएमडी बँकेतून पाठवत असाल तर ती पोर्टलवर जमा दिसायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवस आधी पाठवा. डिजिटल सहीची मुदत तपासा. पोर्टलचं घड्याळ खरं, तुमचं नव्हे.

मुदत आणि भाववाढ यांचं नातंही इथेच पाहायचं. केंद्राच्या नियमांत भाववाढीची अट १८ महिन्यांपेक्षा लांब मुदतीच्या करारांनाच ठेवता येते. सहा महिन्यांच्या रस्त्याला ती मिळणार नाही. डांबराचे दर तेल कंपन्या महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात. मे महिन्यात काम मिळालं, जूनपासून खानापूर भागात पाऊस, डांबर टाकायला नोव्हेंबर उजाडतो. तोपर्यंतच्या दहा-अकरा बदलांचा धोका पूर्ण तुमचा. मे महिन्याच्या दरावर २० टक्के बिलो भरणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

निर्णय पटला नाही तर

केटीपीपीच्या कलम १६ खाली टेंडर स्वीकारण्याच्या आदेशाविरुद्ध अपील करता येतं, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. कार्यालयात फेऱ्या मारण्यात आणि 'बघू, साहेब आले की' ऐकण्यात हेच दिवस संपतात. अपिलात 'अन्याय झाला' एवढं लिहून चालत नाही. टेंडरच्या अमुक कलमात अमुक कसोटी होती, मूल्यमापनात ती अशी लावली, माझा कागद अमुक पानावर आहे, असं लिहावं लागतं.

कागद हातात नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज. कर्नाटकात शुल्क १० रुपये, झेरॉक्सला पानामागे २ रुपये. इथल्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून लांबलचक तक्रार लिहिलेला अर्ज परत येतो. कामाचं नाव आणि टेंडर क्रमांक लिहून चारच गोष्टी मागा: तांत्रिक मंजुरीसह एस्टिमेट, मूल्यमापनाचा तुलनात्मक तक्ता, करारासोबतची बीओक्यू, आणि अंतिम बिलाच्या मोजमाप पुस्तकाची पानं. ग्रामपंचायतीचं काम असेल तर अर्ज पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे). पण एस्टिमेट आणि मोजमाप पुस्तक बऱ्याचदा तालुका किंवा जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी उपविभागात असतं, म्हणून कागद नेमके कुणाकडे आहेत ते आधी विचारून अर्ज तिथेच द्या.